'पागलखान्याची डॉक्टर' होताना: नागपुरातला माझा प्रवास

वस्तीतल्या ओळखीच्या काकू परवा मुलीला घेऊन आल्या. मुलगी यंदा बारावीला. तिचा प्रश्न तोच, जो मला दर महिन्याला कुणीतरी विचारतं: "ताई, आर्ट्सला सायकॉलॉजी घेतली तर सायकॅट्रिस्ट होता येतं का?" तिला अर्धा तास समजावलं आणि रात्री वाटलं, आता एकदाचं लिहूनच टाकावं. गेल्याच महिन्यात माझं बॉण्डचं, म्हणजे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेचं, वर्ष संपलं, कार्यमुक्तीचा आदेश हातात पडला, त्यामुळे सगळं अजून ताजं आहे.

तर आधी त्या मुलीचं उत्तर. नाही येत. सायकॅट्रिस्ट, म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ, हा आधी डॉक्टर असतो. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी, मग नीट, मग साडेचार वर्षं एमबीबीएस, एक वर्ष इंटर्नशिप, मग नीट-पीजी आणि तीन वर्षांचं एमडी सायकॅट्री. एमडीऐवजी डीएनबी या राष्ट्रीय बोर्डाच्या पदवीचाही रस्ता आहे. सायकॉलॉजी घेऊन बीए, एमए आणि पुढे मान्यताप्राप्त क्लिनिकल प्रशिक्षण घेतलेले ते क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. ते चाचण्या घेतात, थेरपी करतात, औषधं लिहीत नाहीत. आमचं पान त्यांच्याशिवाय हलत नाही, पण दोन्ही वाटा वेगळ्या आहेत आणि हे अकरावीच्या प्रवेशाआधीच कळलेलं बरं.

खरं सांगायचं तर एमबीबीएस करताना मी स्वतः सायकॅट्रीकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं. आमच्या वेळी या विषयाची दोन आठवड्यांची पोस्टिंग होती आणि मेडिसिनच्या पेपरात एखाददुसरा प्रश्न. पोस्टिंगचे ते दोन आठवडे म्हणजे सगळ्यांची हक्काची सुट्टी. अर्धा वर्ग तर्री पोह्याच्या ठेल्यावर असायचा. मीही असायचे.

डोळे उघडले ते कोविडात. माझी इंटर्नशिप २०२० च्या मार्चमध्ये सुरू झाली, म्हणजे मुहूर्तच तसा. पीपीई किट घालून वॉर्डात फिरताना ऑक्सिजन पाहायला सगळे होते, पण रात्री दोन वाजता "मी घरी जिवंत जाईन ना जी?" असं विचारणाऱ्या माणसाशी नेमकं काय बोलायचं, हे आम्हाला कुणीच शिकवलं नव्हतं. पुढे एका कोविड केंद्रावर कंत्राटी नोकरी केली, तिथेही तेच. शिवाय मेडिसिनच्या वॉर्डात कीटकनाशक पिऊन आलेली माणसं. विदर्भात ज्याने इंटर्नशिप केली त्याला तो वास आयुष्यभर ओळखू येतो. आम्ही अ‍ॅट्रोपिन द्यायचो, माणूस वाचला की घरी पाठवायचो. तो का प्यायला हे विचारायला कुणाकडे वेळ नसायचा. सायकॅट्रीचा रेफरन्स लिहिला जायचा आणि बहुतेक वेळा तो व्हायच्या आत पेशंट गेलेला असायचा.

नीट-पीजी २०२१ चा फॉर्म भरला. फी ५०१५ रुपये. परीक्षा १८ एप्रिलला होती. १५ तारखेला संध्याकाळी कळलं, पुढे ढकलली. दुसरी लाट होती, ढकलणं योग्यच होतं, पण तीन दिवस आधी तयारीला लावलेला ब्रेक पुन्हा काढायला मला दोन महिने लागले. परीक्षा झाली ११ सप्टेंबरला. २०० प्रश्न, साडेतीन तास, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ वजा. २८ सप्टेंबरला निकाल. रँक पाच आकडी आली.

आणि मग सुरू झालं ते खरं थांबणं. आर्थिक दुर्बल घटकांच्या उत्पन्न मर्यादेचा वाद सर्वोच्च न्यायालयात होता, त्यामुळे समुपदेशन म्हणजे काउन्सेलिंग अडलेलं. नोव्हेंबर गेला. डिसेंबरात निवासी डॉक्टरांचं आंदोलन झालं. ७ जानेवारी २०२२ ला न्यायालयाने वाट मोकळी केली आणि १२ जानेवारीपासून केंद्राची नोंदणी सुरू झाली. निकाल लागल्यापासून साडेतीन महिने घरात बसून मी यादी पाठ करत होते. नातेवाईक विचारायचे, "मग झाली का अ‍ॅडमिशन?" त्यावर "प्रकरण कोर्टात आहे" असं म्हटलं की लोकांना वाटायचं, हिनेच काही केलंय.

कागदपत्रांचं सांगते, कारण इथे शहाणीसुरती माणसंही फसतात. सरकारी कॉलेजांतल्या निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात, निम्म्या राज्याच्या सीईटी सेलकडून. दोन्हीकडे वेगळी नोंदणी, वेगळी फी, वेगळं वेळापत्रक. केंद्राकडे खुल्या गटाला १००० रुपये नोंदणी आणि २५,००० अनामत. ही अनामत परत मिळते, पण नियम न वाचता पुढच्या फेरीतली सीट सोडली तर जाते. आमच्या वेळी लागलेले कागद: अधिवास प्रमाणपत्र, इंटर्नशिप पूर्ण झाल्याचं पत्र, वैद्यकीय परिषदेची नोंदणी, मेडिकल फिटनेस, आणि आरक्षण असेल तर जात वैधता व नॉन-क्रिमिलेअर. माझ्या इंटर्नशिपच्या पत्रावर वडिलांच्या नावाचं स्पेलिंग एका अक्षराने वेगळं होतं. त्या एका अक्षरासाठी प्रतिज्ञापत्र, नोटरी, कॉलेजच्या तीन खेपा आणि चार दिवस गेले. सगळ्या कागदांवरची नावं निकालाच्या आधी, शांतपणे, एका बैठकीत ताडून पाहा. आणि राज्याच्या फेरीत प्रवेश घेताना 'स्टेटस रिटेन्शन'चा फॉर्म समोर येतो. तो भरला की पुढच्या फेऱ्यांतून तुम्ही बाहेर. माझ्या एका मैत्रिणीने तो घाईत भरला आणि पुढच्या फेरीत तिला मिळू शकणारी ब्रांच दुसऱ्याच मुलीला मिळालेली पाहिली.

पसंतीक्रम भरायच्या रात्री घरात छोटी बैठक झाली. बाबांना मेडिसिन हवं होतं. मी सायकॅट्री वर टाकली म्हटल्यावर आई म्हणाली, "म्हणजे पागलखान्यात?" नागपूरकरांना वेगळं सांगायला नको, आपल्याकडे पागलखाना चौक नावाचा चौकच आहे, ऑटोवाल्याला तोच पत्ता सांगतात. आईचा विरोध नव्हता. तिची काळजी सरळ होती: "तुझ्याशी लग्न करायला कोण येईल?" (आले. डोळ्यांचे डॉक्टर आहेत.) बाबांनी मात्र नेमका प्रश्न विचारला, "नोकरी मिळेल का?" मी छाती ठोकून म्हटलं, "देशात लाखामागे एकसुद्धा सायकॅट्रिस्ट नाही बाबा, नोकरी न मिळायला काय झालं?" आकडा बरोबर होता, लाखामागे ०.७५ असा तो सांगितला जातो आणि हवेत किमान ३. निष्कर्ष मात्र अर्धवट होता. ते पुढे येईलच.

फेब्रुवारीच्या शेवटी नागपुरातल्याच एका कॉलेजात रुजू झाले. बॉण्ड स्टॅम्प पेपरवर लिहून द्यावा लागतो: एमडीनंतर एक वर्ष सरकारी सेवा, नाहीतर ५० लाख. स्टॅम्प, नोटरी, झेरॉक्स मिळून दीडेक हजार गेले. मूळ कागदपत्रं कॉलेजात जमा होतात, तेव्हा प्रत्येकाच्या रंगीत स्कॅनचा एक संच आणि दहा साक्षांकित झेरॉक्स आधीच करून ठेवा. पुढची तीन वर्षं ते लागतच राहतात. आणखी एक: पहिलं विद्यावेतन यायला मला दोन महिन्यांहून जास्त लागले. तेवढ्या महिन्यांचा खर्च जवळ ठेवूनच रुजू व्हा.

पहिल्या वर्षात सायकॅट्री म्हणजे लिहिणं. इतर विभागांत हिस्ट्री अर्ध्या पानात होते, आमच्याकडे आठ पानं. पेशंटच्या जन्मापासून सुरुवात: शाळा कधी सोडली, का सोडली, घरात कोण, कुणाशी पटत नाही, दारू कधीपासून, झोप कशी, मनात कुणी बोलल्यासारखं वाटतं का. पहिल्या महिन्यात मी एका काकांना "तुम्हाला आवाज ऐकू येतात का?" असं विचारलं. ते म्हणाले, "येतात ना, मी काय बहिरा हाय का?" चीफ रेसिडेंट मागे उभा राहून हसत होता. प्रश्न विचारायची भाषा वॉर्डातच शिकावी लागते. इथे बालाघाट-छिंदवाड्याकडून हिंदी बोलणारे येतात, गडचिरोलीकडून गोंडी बोलणारे येतात, आणि "डोस्कं गरम होते", "जीव धडधड करते", "बाहेरचं हाय" ही तीन वाक्यं तीन वेगळ्या आजारांत तशीच्या तशी येतात.

बाहेरचं म्हणजे बाहेरची बाधा. बरेच पेशंट आधी ताजबागेत, म्हणजे ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यात, जाऊन येतात, मग ओपीडीत, मग पुन्हा ताजबागेत. सुरुवातीला मला राग यायचा. आमच्या मॅडम म्हणाल्या, "त्यांना जाऊ दे, फक्त गोळी चुकवू नका म्हण." तेव्हापासून मी तेच म्हणते. हे वाक्य कुठल्या पुस्तकात नाही, पण त्याने माझे निम्मे पेशंट फॉलो-अपला आले.

ड्युटीचं गुलाबी चित्र रंगवत नाही. "सायकॅट्रीत आराम असतो" हे ऐकून येणार असाल तर मेडिसिनच्या मानाने ते खरं आहे, पण पहिल्या वर्षी रात्री कॅज्युअल्टीचा कॉल तुमचाच. दारू सुटल्यावर भ्रमात गेलेला माणूस चार जणांना आवरत नाही. मे महिन्यात ४५ अंशात वॉर्डातला कूलर बंद आणि अशात लिथियम हे औषध चालू असलेल्या पेशंटला पाणी कमी पडलं तर रक्तातलं प्रमाण चढतं, म्हणून उन्हाळ्यात आमची वेगळी धावपळ. क्लोझापिन हे औषध चालू असलेल्यांच्या रक्ततपासण्या सुरुवातीला दर आठवड्याला. आम्ही नुसतं बोलतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा आमचं रजिस्टर पाहावं.

दुसरा मोठा भाग कायद्याचा. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मे २०१८ पासून लागू आहे आणि तो आम्हाला कलमांसकट तोंडपाठ असावा लागतो. कलम ८६ खाली पेशंट स्वतः दाखल होतो. कलम ८९ खाली पेशंटच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (बहुतेकदा नातेवाइकाच्या) विनंतीवरून, तेव्हा दोघांनी वेगवेगळं तपासावं लागतं, त्यातला एक सायकॅट्रिस्ट, आणि मुदत ३० दिवस. भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक देता येत नाहीत. सिनेमात दाखवतात तसं काही उरलेलं नाही, आणि हे मी आईला सकाळच्या शॉकच्या लिस्टमधलं सगळं वर्णन करून सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा गप्प बसली.

याच काळात मनोरुग्णालयाची पोस्टिंग झाली. ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर अशी राज्यात चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. तिथे मला सगळ्यात जास्त वेळ लागला तो बऱ्या झालेल्या माणसांची सवय व्हायला. आजार आटोक्यात, गोळ्या चालू, पण घरचा पत्ता चुकीचा दिलेला किंवा घरच्यांनी फोन उचलणं बंद केलेलं. एक आजी (तपशील बदललेत) रोज सकाळी मला विचारायच्या, "गाडी आली का?" मी रोज "नाही आली" म्हणायचे. शेवटच्या दिवशी मी निघाले तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमची आली वाटते." त्या रात्री मला जेवण गेलं नाही. एक सल्ला देते, एवढा ऐका: रेसिडेन्सीत स्वतःसाठी बोलायला कुणीतरी ठेवा. मी दुसऱ्या वर्षी आमच्या विभागाबाहेरच्या एका थेरपिस्टकडे सहा महिने जात होते. त्याची फी खर्चाच्या वहीत मी 'पेट्रोल' म्हणून लिहायचे, आता उघडच लिहिते.

थीसिसबद्दल थोडक्यात. प्रवेशानंतर सहा महिन्यांत आराखडा आरोग्य विद्यापीठाला, म्हणजे नाशिकला, जातो, त्याआधी नैतिक समितीची मंजुरी. माझा विषय स्किझोफ्रेनियाच्या पेशंटना सांभाळणाऱ्या घरच्यांवरचा ताण. समितीने माझं मराठी संमतिपत्र दोनदा परत पाठवलं. एकदा 'सहभागी' ऐवजी 'रुग्ण' लिहिलं म्हणून, आणि बरोबरच होतं ते, माझे सहभागी रुग्ण नव्हतेच. मी उत्साहात १५० जणांचा नमुना लिहून बसले आणि मग तिसऱ्या वर्षी दर मंगळवारी ओपीडीच्या बाकावर माणसं शोधत फिरले. गाइड जो आकडा सांगतील तो घ्या. मूळ प्रश्नावली वापरायची परवानगी आणि तिचं मराठी भाषांतर उपलब्ध आहे का, हे विषय ठरवायच्या आधी पाहा. शिवाय संशोधन पद्धतीचा ऑनलाइन कोर्स आणि त्याची परीक्षा, पोस्टर, पेपर हे सगळं आम्हाला सक्तीचं होतं आणि सगळ्यांना ते शेवटच्या सहा महिन्यांतच आठवतं. छपाई आणि बाइंडिंगला साताठ हजार लागले.

आमची बॅच २०२१ ची मोजली जाते, म्हणून जिल्हा निवासी कार्यक्रम आम्हाला लागू होता: तीन महिने जिल्हा रुग्णालयात. मला भंडारा मिळालं. जाताना चेहरा पडला होता, कारण थीसिस अर्धा होता. पण माझ्या तीन वर्षांतले सगळ्यात कामाचे तीन महिने हेच. आठवड्यातल्या ओपीडीला लोक पहाटेच्या एसटीने यायचे. आठ वर्षं घराच्या मागच्या खोलीत बंद असलेला मुलगा महिन्याभराच्या गोळ्यांनंतर वडिलांसोबत स्वतः चालत आला आणि मला म्हणाला, "मॅडम, केस कापले." दिव्यांगत्वाच्या दाखल्यांचा दिवस तर वेगळाच. मानसिक आजारासाठी ठरलेली मोजपट्टी आहे, ४० टक्के किंवा त्याहून जास्त आलं तर सवलती मिळतात. ३८ आलेल्या माणसाच्या आईच्या डोळ्यांत बघून तो आकडा लिहायचा असतो.

फायनल परीक्षा: चार पेपर, प्रत्येकी १०० गुण. मूलभूत शास्त्रं, क्लिनिकल सायकॅट्री, उपशाखा आणि सिद्धांत, आणि चौथा न्यूरोलॉजी-मेडिसिनचा, जो सगळ्यांना रडवतो. प्रॅक्टिकलला सायकॅट्रीची लाँग केस, एक शॉर्ट केस, न्यूरोलॉजीची शॉर्ट केस आणि व्हायवा. माझ्या लाँग केसचा पेशंट बोलेना. एक शब्द नाही. पंधरा मिनिटं माझे हात थंड. मग आठवलं की न बोलणाऱ्या पेशंटला तपासायची किर्बीची पद्धत आम्ही पहिल्या वर्षीच घोकली होती: बसलाय कसा, डोळे कुठे, हात उचलला तर तसाच राहतो का, घास दिला तर काय करतो. तेवढंच लिहिलं, तेवढंच सांगितलं. परीक्षकांनी विचारलं, "आणि नातेवाईक काय म्हणतात?" बहीण बाहेर बाकावर बसली होती आणि मी घाबरून तिला विचारायलाच गेले नव्हते. पास झाले, पण तो प्रश्न अजून कधीतरी स्वप्नात येतो.

निकालानंतर बॉण्डची नेमणूक सीनियर रेसिडेंट म्हणून मिळाली. हे वर्ष वाया जातं असं समजू नका. सहायक प्राध्यापक व्हायचं तर एक वर्षाची सीनियर रेसिडेन्सी उपयोगी पडते. निकाल लागताच वैद्यकीय परिषदेकडे वाढीव पात्रतेची नोंद करून घ्या, ती नसेल तर पुढच्या मुलाखतीत पहिला प्रश्न तोच येतो.

आता बाबांच्या प्रश्नाकडे. बॉण्ड संपत आला तसा मी चार महिने नोकऱ्या शोधल्या. माझा ०.७५ चा आकडा खरा आहे, पण कमतरता म्हणजे रिकामी खुर्ची नव्हे. जिथे पेशंट आहेत तिथे मंजूर पद नाही, जिथे पद आहे तिथे बऱ्याचदा ते कंत्राटी. मेडिकल कॉलेजांत सहायक प्राध्यापकांची जाहिरात येते, मुलाखतीला कागदांचं बाड घेऊन जायचं, नेमणूक कधी वर्षभराची. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात मानसोपचारतज्ज्ञाचं पद असतं, तेही मानधनावर, आणि फिरती भरपूर. शहरातल्या खासगी रुग्णालयांनी मला सरळ सांगितलं, पगार नाही, जेवढे पेशंट पाहाल त्यातला वाटा. धंतोली-रामदासपेठेत स्वतःची खोली घ्यायची तर भाड्याआधी ओळख लागते आणि तिथे पंचवीस वर्षं बसलेले सर आहेत. टेलिमानसच्या १४४१६ सारख्या फोनवरच्या मानसिक आरोग्य सेवेतही आता तज्ज्ञ लागतात. पुढे शिकायचं तर बेंगळुरूच्या निमहान्ससारख्या ठिकाणी बाल मानसोपचार किंवा व्यसनमुक्तीत डीएम (एमडीनंतरची पदवी) करता येतं, जागा मात्र बोटांवर मोजण्याइतक्या.

आणि एक अनुभव मुद्दाम लिहिते. शहराबाहेरच्या एका व्यसनमुक्ती केंद्राने मला महिन्याला चांगली रक्कम देऊ केली. काम विचारलं तर म्हणाले, "यायची गरज नाही मॅडम, बोर्डावर नाव आणि फायलीवर सही." कायद्याने नोंदणीला तज्ज्ञ लागतो, म्हणून माझं नाव हवं होतं. नवीन एमडी झालेल्या प्रत्येकाला असा फोन येतो. त्या फायलीतल्या माणसाचं काही बरंवाईट झालं तर सही तुमची असते. मी नाही म्हटलं, आणि त्या महिन्यात माझ्याकडे दुसरी कुठलीच नोकरी नव्हती, हेही खरं आहे.

शेवटी जमलं ते असं: आठवड्यातले चार दिवस नागपुरातल्या एका खासगी रुग्णालयात, वाट्यावर. पहिल्या आठवड्यात एकूण नऊ पेशंट आले, त्यातले दोन आईच्या भिशीतले. आणि गुरुवारी भंडाऱ्यात एका ओळखीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात खोली. तिथे पहिल्याच गुरुवारी एकवीस नावं लागली होती. बाबा म्हणाले, "मग तिकडेच राह." आई म्हणाली, "सकाळच्या सातच्या एसटीला डबा लागेल की नाही, तेवढं आधी सांग."